फेटाळलेल्या अर्जांचं पुढे काय झालं : अर्जेंटिनातल्या कायद्याच्या राज्याचं एक प्रकरण

अर्जात लिहायचं ते सगळ्यांचं साधारण सारखंच असे. नाव, वय, पत्ता. अमुक तारखेला रात्री हत्यारबंद माणसं घरात घुसली, नंबरप्लेट नसलेली गाडी होती, माणसाला डोळे बांधून नेलं, जाताना घरातल्या वस्तूही उचलल्या. तो कुठे आहे ते सांगावं आणि त्याला न्यायाधीशासमोर हजर करावं. आई, बाप किंवा नवरा-बायको हा अर्ज न्यायालयात देत. न्यायालय पोलिसांना, लष्कराला आणि गृहखात्याला पत्र पाठवी. उत्तर येई की या नावाची कुणीही व्यक्ती आमच्या ताब्यात नाही. न्यायाधीश तेवढ्यावर अर्ज फेटाळत आणि फाइल कपाटात जाई. एकट्या बुएनोस आयरेस शहरात १९७६ ते १९७९ या चार वर्षांत असे ५,४८७ हेबियस कॉर्पस अर्ज दाखल झाल्याची नोंद आहे.

हेबियस कॉर्पस म्हटलं की आपल्या पिढ्यांना आणीबाणी आठवते. एप्रिल १९७६ मध्ये, म्हणजे अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली त्याच्या पुढच्याच महिन्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात असा अर्ज करण्याचा हक्कच नागरिकाला उरलेला नाही असं ठरवलं. न्या. एच. आर. खन्ना तेवढे विरोधात उभे राहिले. अर्जेंटिनात चित्र वेगळं होतं आणि एका अर्थाने जास्त भयानक. तिथे हक्क कागदावर शाबूत होता, न्यायालयाचं दार उघडं होतं, अर्जाला आवक क्रमांक मिळत होता. फक्त त्यातून माणूस कधी बाहेर येत नव्हता.

त्या कपाटातल्या फाइलींचं पुढे काय झालं ते मला इथे सांगायचं आहे. हुकूमशाही पडल्यावर कायद्याचं राज्य कसं उभं राहतं याची चर्चा आपण बहुधा मोठे नेते, नवी घटना आणि शिक्षा यांच्याभोवती करतो. अर्जेंटिनाचं प्रकरण वाचताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा कागदाकडे जातं. ज्या वेळी कुणीही ऐकणारं नव्हतं, त्या वेळी तारीख घालून, सही करून, शिक्का मारून घेतलेल्या कागदाकडे.

सात वर्षं

२४ मार्च १९७६ला इसाबेल पेरोन यांचं सरकार उलथवून तिन्ही दलांच्या प्रमुखांनी सत्ता घेतली. सैन्याचे होर्हे राफाएल विदेला, नौदलाचे एमिलिओ मासेरा आणि हवाई दलाचे ओर्लांदो अगोस्ती. या लष्करी मंडळाला तिथे ‘हुंता’ म्हणतात. डाव्या सशस्त्र गटांचा हिंसाचार त्याआधीपासून चालू होता आणि तो मोडण्याचं कारण पुढे केलं गेलं. पण उचलले गेले ते कामगार संघटनांचे कार्यकर्ते, विद्यार्थी, वकील, पत्रकार, शिक्षक आणि त्यांचे मित्रही. त्यांना अटक केल्याचं कधी जाहीर झालं नाही. गुप्त छळछावण्यांत ठेवून, हाल करून, त्यांतल्या बहुतेकांना मारलं गेलं. नौदलाच्या तांत्रिक शाळेतून कैद्यांना गुंगीचं औषध देऊन विमानातून समुद्रात फेकलं जाई. अशा माणसांसाठी एकच शब्द रूढ झाला, ‘देसापारेसिदो’, म्हणजे बेपत्ता. मानवी हक्क संघटना त्यांचा आकडा ३० हजार सांगतात.

बेपत्ता करण्यामागे हिशेब होता. प्रेत नाही म्हणजे खून नाही, अटकेची नोंद नाही म्हणजे कैदी नाही. उद्या कुणी जाब विचारलाच, तर पुरावा कशाचा देणार?

एप्रिल १९७७ अखेर काही आया राष्ट्रपती भवनासमोरच्या प्लासा दे मायो चौकात जमल्या आणि दर गुरुवारी तिथे फेऱ्या घालू लागल्या. डोक्याला पांढरा रुमाल हीच त्यांची खूण झाली. एमिलिओ मिन्योने हे कायदा जाणणारे गृहस्थ. त्यांची मुलगी मोनिका मे १९७६ मध्ये घरातून नेली गेली ती परत आली नाही. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतर पालकांनी १९७९ मध्ये कायदेशीर आणि सामाजिक अभ्यासाचं केंद्र काढलं. मुलं जिवंत सापडण्याची आशा मावळत चालली होती, तरी ही माणसं अर्ज करत राहिली आणि प्रत्येक कागदाची प्रत जपत राहिली. त्या काळात नुसत्या एवढ्यासाठीही जिवाचा धोका पत्करावा लागे.

पहिला आठवडा

१९८२ मध्ये माल्विनास बेटांचं, म्हणजे फॉकलंडचं, युद्ध ब्रिटनकडून हरल्यावर लष्कराची पत गेली. जाण्यापूर्वी सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी स्वतःच स्वतःला अभय देणारा कायदा करून ठेवला. ऑक्टोबरच्या निवडणुकीत हाच खरा प्रश्न होता. पेरोनवादी उमेदवार इतालो लुदेर हे घटनातज्ज्ञ होते. या अभयाचे परिणाम आता मागे घेता येणार नाहीत, असं त्यांचं मत होतं. रॅडिकल पक्षाचे राउल आल्फोन्सिन यांनी तो कायदा रद्द करण्याचं वचन दिलं आणि ते निवडून आले. १० डिसेंबर १९८३ला, मानवी हक्क दिनीच, त्यांनी शपथ घेतली.

त्यांचा पहिला आठवडा बारकाईने पाहावा असा आहे. १३ डिसेंबरला दोन आदेश निघाले. एक सशस्त्र गटांच्या म्होरक्यांवर खटले भरण्याचा, दुसरा पहिल्या तीन हुंतांतल्या नऊ सेनानींवर. १५ डिसेंबरला बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्याच महिन्यात संसदेने लष्कराचं स्वतःला दिलेलं अभय मुळापासून रद्दबातल ठरवलं. सर्वोच्च न्यायालयात पाच नवे न्यायाधीश आले.

आल्फोन्सिन यांना मात्र सगळ्यांवर खटले भरायचे नव्हते. त्यांनी आरोपींच्या तीन पायऱ्या केल्या होत्या : हुकूम देणारे, हुकमाच्या पलीकडे जाऊन क्रौर्य करणारे आणि निव्वळ हुकूम पाळणारे. पहिल्या दोघांना शिक्षा, तिसऱ्याला माफी. शिवाय खटला आधी लष्करी न्यायालयानेच चालवावा, म्हणजे सैन्याने स्वतःची साफसफाई स्वतः करावी, अशी त्यांची इच्छा होती. हातात बंदुका असलेली पण मनातून जराही न बदललेली फौज समोर असताना नवखं लोकशाही सरकार असा विचार करतं हे मी समजू शकतो. पण सिनेटमध्ये नेउकेन प्रांताचे एलिआस सापाग यांनी या योजनेला पाचर मारली. त्यांचे दोन पुतणे हुकूमशाहीत मारले गेले होते. आज्ञापालनाचा बचाव अमानुष, घृणास्पद कृत्यांना लागू होणार नाही, अशी दुरुस्ती त्यांनी करून घेतली. छळ तर सगळाच अमानुष, मग तिसरी पायरी उरली कुठे? हाच कायदा आणखी एक वाट ठेवून गेला : लष्करी न्यायालयाने चालढकल केली, तर मुलकी अपील न्यायालय प्रकरण आपल्याकडे ओढून घेऊ शकेल.

आयोग

बेपत्तांच्या आयोगाचे अध्यक्ष होते लेखक एर्नेस्तो साबातो. सदस्यांत बिशप हायमे दे नेवारेस, ज्यू धर्मगुरू मार्शल मेयर, पत्रकार माग्दालेना रुइस गिन्यासू अशी माणसं होती. एका विभागाचं काम पाहणाऱ्या ग्रासिएला फर्नान्देस मेइहिदे यांचा स्वतःचा मुलगा बेपत्ता होता. आयोगाला कुणाला समन्स काढण्याचा अधिकार नव्हता, शिक्षा करण्याचा तर नव्हताच. अनेक मानवी हक्क कार्यकर्ते म्हणूनच त्याच्यावर नाराज होते. संसदेची अधिकारसंपन्न समिती हवी, अशी त्यांची मागणी होती.

अधिकार नसलेल्या या आयोगाने नऊ महिन्यांत जे केलं ते थक्क करणारं आहे. लोक रांगा लावून आले. हे सगळं त्यांनी पूर्वी अर्जात लिहून दिलेलं होतंच, पण या वेळी समोरचा माणूस मान वर करून ऐकत होता. जिवंत सुटलेल्यांना घेऊन आयोग छावण्यांच्या जागी गेला. त्यांनी ती जागा कधी डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती, कारण तोंडावर कायम बुरखा असे. त्यांनी ती ओळखली पायऱ्या मोजून, वळणं आठवून, भिंतीला हात लावून, बाहेरचा रेल्वेचा किंवा शाळेचा आवाज ऐकून. नौदलाच्या शाळेत तर १९७९ मध्ये आंतरअमेरिकी मानवी हक्क आयोग येणार म्हटल्यावर तळघराकडे जाणारा जिना आणि लिफ्ट काढून टाकून बांधकाम बदललं होतं, आणि कैद्यांना नदीच्या मुखाजवळच्या एका बेटावर हलवलं होतं. साक्षीदारांनी सांगितलं, जिना इथे होता. तो नव्हता. पण तो काढल्याच्या खुणा होत्या, आणि जिना लपवावासा वाटला यातच सगळं आलं.

२० सप्टेंबर १९८४ला अहवाल सादर झाला. ८,९६० बेपत्ता व्यक्तींची नोंद, सुमारे ३४० गुप्त छावण्या. ‘नुन्का मास’, पुन्हा कधीही नाही, या नावाने तो पुस्तकरूपात निघाला. माझ्या मते त्याचं खरं मोल मात्र त्याच्यामागे उभ्या असलेल्या सुमारे ५० हजार पानांत होतं. ती पानं न्यायालयाकडे गेली.

खटला

लष्करी न्यायालयाने नेमकी चालढकल केली. सप्टेंबर १९८४ मध्ये त्याने कळवलं की सेनानींच्या हुकमांत आक्षेपार्ह काही आढळत नाही. ऑक्टोबरमध्ये राजधानीच्या मुलकी अपील न्यायालयाने प्रकरण आपल्याकडे घेतलं. सहा न्यायाधीश होते. सरकारी वकील हुलिओ सेसार स्त्रासेरा, त्यांचे सहायक लुइस मोरेनो ओकाम्पो.

स्त्रासेरा हुकूमशाहीच्या काळातही न्यायखात्यातच होते, आणि त्या वर्षांत त्यांनी काय केलं असा प्रश्न त्यांना पुढे अनेकदा विचारला गेला. तो रास्तच होता. पण संक्रमणातल्या देशाला न्यायाधीश आणि वकील नवे कोरे मिळत नाहीत. कालपर्यंत अर्ज फेटाळणाऱ्या यंत्रणेतूनच आज न्याय करणारी माणसं शोधावी लागतात. स्त्रासेरांनी बरीचशी तरुण, नावाजलेली नसलेली माणसं हाताशी घेतली आणि काही महिन्यांत हजारो पानांतून ७०९ प्रकरणं निवडली.

निवडीचा निकष असा : देशाच्या सगळ्या भागांतली, तिन्ही दलांशी संबंधित, वेगवेगळ्या वर्षांतली आणि मुख्य म्हणजे पुरावा पक्का असलेली प्रकरणं. इथे ते फेटाळलेले अर्ज कपाटातून बाहेर आले. १९८५ मध्ये उभी राहणारी आई खोटं बोलते, तिला राजकीय पक्षाने पढवलं आहे, असं बचावाचा वकील म्हणू शकतो. पण तिने हेच सगळं, तीच तारीख, तीच गाडी, तीच वेळ, आठ वर्षांपूर्वी न्यायालयाच्या शिक्क्यानिशी लिहून दिलेलं होतं. त्याच फाइलीत शेजारी ‘आमच्या ताब्यात नाही’ हे सरकारचं उत्तर होतं. आणि तो माणूस त्याच वेळी अमुक छावणीत आपल्या शेजारी होता, असं सुटून आलेला साक्षीदार सांगत होता. शेकडो वेळा, वेगवेगळ्या शहरांतून, एकाच साच्यातलं खोटं उत्तर : ही एखाद्या माथेफिरू अधिकाऱ्याची करणी नव्हे, ही वरून ठरलेली पद्धत आहे, हे त्या उत्तरांनीच सिद्ध केलं. नाकारण्यासाठी लिहिलेला कागद कबुलीजबाब ठरला.

२२ एप्रिल १९८५ला सुनावणी सुरू झाली. ८३३ साक्षीदार झाले. छावणीतून वाचलेल्यांपैकी पहिली साक्ष भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका आद्रियाना काल्वो यांची. त्यांना फेब्रुवारी १९७७ मध्ये ला प्लाता इथे पकडलं, तेव्हा त्या गरोदर होत्या. एका छावणीतून दुसरीकडे नेताना पोलिसांच्या गाडीत, डोळे बांधलेले आणि हात मागे जखडलेले असताना त्या बाळंत झाल्या. मूल जन्मल्यावरही गाडी थांबली नाही, आणि बाळाला जवळ घेण्यासाठी हात सोडले गेले नाहीत. न्यायालयात त्यांनी हे सलग, तपशीलवार सांगितलं. तोवर ‘काहीतरी केलं असेल म्हणूनच नेलं असेल’ असं म्हणत आलेल्या मध्यमवर्गाला त्या दिवसानंतर हे वाक्य उच्चारणं जड गेलं.

सरकारने भीतीपोटी टीव्हीवर रोज फक्त काही मिनिटं, तीही आवाजाविना दाखवायला परवानगी दिली. पण चित्रण पूर्ण झालं, ५३० तासांचं. १९८८ मध्ये, लष्करी बंडांचे दिवस असताना, न्यायाधीशांनी त्याची प्रत नॉर्वेला नेऊन तिथल्या संसदेच्या स्वाधीन केली. आपल्याच देशात आपण दिलेल्या निकालाचा पुरावा सुरक्षित राहील याची ज्यांना खात्री नव्हती, त्या माणसांनी शांतपणे केलेलं हे काम मला निकालाइतकंच मोठं वाटतं.

बचाव असा होता की हे युद्ध होतं. न्यायालयाने म्हटलं, युद्ध धरलं तरी हाती आलेल्या कैद्याला छळून मारायची मुभा कुठलाच कायदा देत नाही. आणि आरोपींसाठी कुठला नवा गुन्हा निर्माण केला गेला नाही. जुन्या दंडसंहितेतलेच शब्द वापरले : खून, छळ, बेकायदा डांबणं, चोरी. मासेरा दोषी ठरले ते ३ खून, १२ छळ, ६९ बेकायदा कैद आणि ७ चोऱ्यांसाठी. देशाच्या नौदलप्रमुखाच्या निकालपत्रात चोरीचं कलम असावं, यात मला न्यायालयाची ताकद दिसते. राष्ट्रकार्याच्या गप्पांखाली लोकांच्या घरचं सामान उचलून नेलं गेलं होतं, तर कायदा त्याला चोरीच म्हणेल.

९ डिसेंबर १९८५ला विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. रोबेर्तो व्हिओला यांना १७ वर्षं, आर्मांदो लाम्ब्रुस्किनी यांना ८ वर्षं, अगोस्ती यांना साडेचार वर्षं. चौघे निर्दोष सुटले, त्यांत माल्विनासच्या युद्धाच्या वेळी सत्तेवर असलेले गाल्तिएरीही होते. आयांचा संताप झाला आणि तो समजण्यासारखाच होता. पण प्रत्येकाला त्याच्या दलाने केलेल्या आणि त्याच्यापर्यंत पुराव्याने पोहोचणाऱ्या गुन्ह्यांपुरतंच जबाबदार धरायचं, हे सूत्र न्यायालयाने सोडलं नाही. ज्यांनी हजारोंना वकील आणि सुनावणी नाकारली, त्यांना वकील, सुनावणी, उलटतपासणी आणि संशयाचा फायदासुद्धा मिळाला. मी त्या चौघांच्या सुटकेकडे कमकुवतपणा म्हणून पाहत नाही. त्या सुटकेमुळेच पुढे कुणाला तो निकाल सूड म्हणून झटकून टाकता आला नाही.

निकालपत्रात ३० क्रमांकाचा एक छोटा परिच्छेद होता. विभागांचे प्रमुख आणि प्रत्यक्ष कारवाईची जबाबदारी असलेले अधिकारी यांच्यावरही कारवाई व्हावी म्हणून ही माहिती कळवावी, असा त्याचा आशय. सरकारला खटला नऊ माणसांवर थांबवायचा होता. त्या परिच्छेदाने शेकडो अधिकाऱ्यांची दारं ठोठावली.

माघार

इथून उतरण लागते. डिसेंबर १९८६ मध्ये ‘पूर्णविराम’ कायदा आला : ६० दिवसांत ज्यांना आरोपी म्हणून बोलावलं जाणार नाही त्यांच्यावर पुन्हा खटला नाही. सरकारची अटकळ होती की जानेवारीत न्यायालयांना उन्हाळी सुट्टी, तेव्हा फारसं काही होणार नाही. अनेक अपील न्यायालयांनी सुट्टी रद्द केली आणि मुदत संपेपर्यंत शेकडो अधिकाऱ्यांना आरोपी केलं. दहा वर्षांपूर्वी अर्ज फेटाळणारी ती न्यायव्यवस्था आता स्वतःची सुट्टी सोडून बसली होती.

एप्रिल १९८७, ईस्टरचा आठवडा. कोर्दोबात मेजर एर्नेस्तो बारेइरो याने छळाच्या आरोपावरून न्यायालयात यायला नकार दिला आणि रेजिमेंटच्या आश्रयाला गेला. पाठोपाठ लेफ्टनंट कर्नल आल्दो रिको याने कांपो दे मायोच्या तळावर बंड केलं. बंड मोडायला निघालेलं सैन्य वाटेतच रेंगाळलं, पोहोचलंच नाही. चौकात लाखो लोक लोकशाहीच्या बाजूने उभे होते. आल्फोन्सिन हेलिकॉप्टरने तळावर गेले, परत आले आणि सज्जातून म्हणाले, घर सुरळीत आहे, ईस्टरच्या शुभेच्छा. जूनमध्ये ‘आज्ञापालन’ कायदा झाला. लेफ्टनंट कर्नलपर्यंतच्या सगळ्यांनी हुकूम पाळला असंच कायदा गृहीत धरणार, त्याविरुद्ध पुरावासुद्धा घेणार नाही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. न्या. होर्हे बाकेंचं विरोधी मत एकटं पडलं. पुढचे अध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी १९८९ आणि १९९० मध्ये उरलेल्यांना माफी दिली आणि विदेला, मासेरा घरी गेले.

चौकात आलेल्या त्या लाखो लोकांना विश्वासात घेऊन आल्फोन्सिन यांना वेगळं काही करता आलं असतं का, यावर अर्जेंटिनात आजही वाद होतो. माझं मत असं की बंड थांबवण्याची गरज खरी होती, पण पुरावाच ऐकायचा नाही असा कायदा करणं ही त्याची फार मोठी किंमत होती. मुदत कमी करता येते, शिक्षा सौम्य करता येते. ऐकणंच बंद केलं की न्यायालय पुन्हा १९७६च्या जागी जाऊन उभं राहतं.

फट

आज्ञापालन कायद्यातून काही गुन्हे वगळले होते. बलात्कार, मालमत्ता बळकावणं आणि मुलं पळवून त्यांची ओळख बदलणं. बाळ चोरायचा हुकूम कसला, एवढी लाज कायदा करणाऱ्यांनाही होती.

छावण्यांत जन्मलेली किंवा आईबापांबरोबर उचललेली सुमारे ५०० मुलं लष्करी आणि त्यांच्या ओळखीच्या घरांत वाटली गेली, असा त्यांच्या आज्यांचा हिशेब आहे. प्लासा दे मायोच्या या आज्या १९७७ पासून नातवंडं शोधत होत्या. अडचण अशी की मधली पिढीच मारली गेली होती. मग आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का? हा प्रश्न त्यांनी देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना विचारला. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग आणि इतरांनी त्यावर पद्धत बसवली. १९८७ मध्ये, आज्ञापालन कायदा झाला त्याच वर्षी, संसदेने राष्ट्रीय जनुकीय माहिती बँक स्थापली. आज्यांनी तिथे आपलं रक्त ठेवलं. आपण मेल्यावर नातवंडं शोधत आली तर जुळवायला काहीतरी असावं म्हणून. आजपर्यंत १३०हून अधिक जणांची ओळख पटली आहे.

नव्वदच्या दशकात बाकी सगळं बंद असताना याच फटीतून खटले चालू राहिले. १९९८ मध्ये विदेला पुन्हा अटकेत गेले ते मुलांच्या चोरीसाठी. ला प्लातामध्ये ‘सत्याचे खटले’ सुरू झाले, ज्यांत शिक्षा होणार नाही हे माहीत असूनही साक्षी नोंदवल्या जात.

मग पोब्लेते दांपत्याचं प्रकरण आलं. होसे पोब्लेते यांना अपघातात दोन्ही पाय गमवावे लागले होते, ते चाकाच्या खुर्चीत असत. १९७८ मध्ये त्यांना, पत्नी गेर्त्रुदिस यांना आणि आठ महिन्यांच्या मुलीला नेलं. मुलगी २००० साली सापडली. हुलिओ सिमोन या पोलिसावर तिच्या चोरीचा खटला चालू शकत होता, पण तिच्या आईबापांच्या छळाचा आणि बेपत्ता होण्याचा चालू शकत नव्हता. एकच रात्र, एकच माणूस, एकच कुटुंब. मिन्योनेंच्या केंद्राने ही विसंगती न्यायालयासमोर मांडली. मार्च २००१ मध्ये न्या. गाब्रिएल कावाय्यो यांनी पूर्णविराम आणि आज्ञापालन दोन्ही कायदे शून्यवत ठरवले.

त्यांना आधार मिळाला तो आल्फोन्सिन यांच्याच काळातल्या एका कामाचा, ज्याकडे तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. १९८४ मध्ये अर्जेंटिनाने अमेरिका खंडाचा मानवी हक्क करार स्वीकारला आणि आंतरअमेरिकी न्यायालयाचा अधिकार मान्य केला. १९९४च्या घटनादुरुस्तीत या आणि अशा करारांना थेट घटनेचा दर्जा मिळाला. म्हणजे संसदेचा साधा कायदा आता त्यांच्या खाली होता. त्याच मार्चमध्ये आंतरअमेरिकी न्यायालयाने पेरूच्या बारिओस आल्तोस हत्याकांडात असले अभयाचे कायदे करारविरोधी ठरवले. २००३ मध्ये संसदेने दोन्ही कायदे रद्दबातल केले, आणि १४ जून २००५ला सर्वोच्च न्यायालयाने सिमोन प्रकरणात ७ विरुद्ध १ मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. विरोधात होते कार्लोस फाय्त, १९८३ मध्ये लोकशाही आल्यावर नेमलेल्या पाचांपैकी एक. एन्रिके पेत्राक्की हेही त्या पाचांपैकीच. १९८७ मध्ये त्यांनी आज्ञापालन कायदा उचलून धरला होता. या वेळी त्यांनी आपलं मत बदललं आणि मधल्या काळात देशाने स्वीकारलेल्या बांधिलकीमुळे ते का बदलावं लागलं हे निकालपत्रात मांडलं. न्यायाधीशाने स्वतःचीच जुनी भूमिका अशी उघडपणे सोडणं फार दुर्मिळ असतं.

त्यानंतर हजाराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. विदेला २०१३ मध्ये साध्या तुरुंगात वारले. लष्कराला अंतर्गत सुरक्षेपासून दूर ठेवणारा कायदा १९८८ मध्येच झाला होता, आणि वेगळी लष्करी न्यायव्यवस्था २००८ मध्ये मोडीत निघाली. ज्या बारेइरोच्या नकाराने १९८७ मध्ये सरकार वाकलं, त्याला ऑगस्ट २०१६ मध्ये कोर्दोबाच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. आरोप तेच होते, साक्षीदार मात्र २९ वर्षांनी म्हातारे झाले होते.

साक्षीदार

हीच या प्रकरणातली दुखरी जागा. एकच माणूस तीच कहाणी आयोगाला सांगतो, मग १९८५च्या खटल्यात, मग सत्याच्या खटल्यात, मग नव्या खटल्यात. दरवेळी त्याला पुन्हा त्या खोलीत जावं लागतं. पुरावा टिकला तो लोकांनी स्वतःच्या अंगावर वागवला म्हणून, आणि राज्याने त्यांची काळजी घ्यायला फार उशीर केला.

होर्हे हुलिओ लोपेस हे ला प्लाताजवळचे गवंडी. १९७६ मध्ये त्यांना उचलून छावण्यांतून फिरवलं, १९७९ मध्ये ते सुटले. २००६ मध्ये, ७७व्या वर्षी, त्यांनी पोलीस अधिकारी मिगेल एत्चेकोलात्स याच्याविरुद्ध साक्ष दिली. आपल्यासमोर कुणाला कसं मारलं ते सांगितलं. १८ सप्टेंबरला अंतिम युक्तिवाद होते आणि लोपेस यांना ते ऐकायला जायचं होतं. त्या सकाळी ते घरातून नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी एत्चेकोलात्सला जन्मठेप झाली. लोपेस नाहीसे झाले तेव्हा लोकशाही सरकार होतं, चालू न्यायालयं होती, त्यांच्या नावाने रस्त्यांवर मोर्चे निघाले. त्यांना कुणी पोलीस संरक्षण दिलेलं नव्हतं. ते अजून सापडलेले नाहीत.